सातव्या मजल्यावरचा आउटडोअर आणि माझ्या हातातली दोरी

"काकू, ही दोरी जरा धरा. सोडू नका फक्त."

एवढं बोलून तो पोरगा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर गेला. चपला त्याने खिडकीखाली काढून ठेवल्या होत्या, कारण रबरी चप्पल छज्ज्यावर सरकते. कमरेला नायलॉनची दोरी बांधलेली. तिचं दुसरं टोक माझ्या उजव्या हाताला गुंडाळलेलं आणि डाव्या हाताने मी ओटा घट्ट धरलेला. सातवा मजला. छज्जा जेमतेम दीड फूट रुंद, त्यावर गेल्या पावसाळ्यातलं वाळलेलं शेवाळ. खाली पार्किंगमधल्या गाड्या काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. वीस मिनिटं तो तिथे उकिडवा बसून एसीच्या बाहेरच्या डब्याशी झटत होता आणि मी फक्त त्याच्या पायांच्या बोटांकडे बघत होते.

काम झालं, तो आत आला, चहा प्यायला आणि गेला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. तो पाय घसरून पडला असता तर माझ्या हातातल्या दोरीने काय केलं असतं, हा हिशेब मला येत होता आणि तरीही मी ती दोरी धरून उभी राहिले होते.

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. कधी या शहरातली, कधी त्या शहरातली. एसी दुरुस्त करताना इमारतीवरून पडून मेकॅनिकचा मृत्यू. आपण हळहळतो आणि पान उलटतो. हा लेख त्या चार ओळींच्या मागे काय असतं ते सांगण्यासाठी आहे. तो बाहेरचा डबा नेमकं काय करतो, त्याला दरवर्षी माणूस का लागतो, आणि माणूस लागतोच तर त्याने कुठे उभं राहायचं, हे क्रमाने बघू.

मुळात बाहेरचा डबा करतो काय?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हे समजायला माझ्या आजोळची मोट सगळ्यात सोपी. विहिरीत चामड्याची मोट सोडायची, ती भरली की बैल धावेवरून उताराला चालायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाने शेताला जायचं. बैल मागे सरकले की रिकामी मोट पुन्हा विहिरीत.

आता खोली म्हणजे विहीर समजा आणि उष्णता म्हणजे पाणी. मोट म्हणजे नळ्यांमधून फिरणारा गॅस. बैल म्हणजे कॉम्प्रेसर, आणि थारोळं म्हणजे बाहेरच्या डब्यातली जाळीदार कॉईल. या बाहेरच्या डब्याला सगळे आउटडोअर म्हणतात, मीही तेच म्हणते.

गॅस उष्णता कशी उचलतो? हातावर सॅनिटायझर घेतलं की गार लागतं, कारण ते उडून जाताना हाताची उष्णता घेऊन जातं. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे ५२ अंशालाच उकळतो. घरातल्या युनिटमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना खोलीची उष्णता पितो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तसाच हा गॅसही दाबाने तापतो. बाहेर ३८ अंश ऊन असलं तरी गॅस त्याहून बराच गरम असतो, म्हणून उष्णता त्याच्याकडून हवेकडे जाते. आउटडोअरमधला पंखा तेवढ्यासाठीच फिरतो.

किती उष्णता? दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता उचलतो. त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली दीडेक किलोवॅट वीजही उष्णता होऊनच मिळते. म्हणजे कपड्यांच्या सहा-सात इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यावर होईल एवढी धग त्या डब्याने सतत हवेत फेकायची असते. (टन हे वजन नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांवर इमारती गार ठेवायच्या त्या काळातलं हे माप अजून टिकून आहे.)

थारोळं गाळाने भरलं तर?

मोट वर येते, पण रिकामी व्हायला जागा नाही. ती अर्धी भरलेलीच परत खाली जाते. बैल तेवढेच राबतात आणि शेताला पाणी निम्मं. मळलेल्या कॉईलचं हेच होतं.

आउटडोअरच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ, एकमेकांना चिकटून उभे असलेले पापुद्रे असतात. त्यांच्या फटींतून हवा गेली तरच उष्णता निघते. कोल्हापुरात या फटींत काय बसतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. रस्त्यांची धूळ आहे, पारव्यांची पिसं आणि काड्या आहेत, पण सगळ्यात चिवट असते ती उसाची काजळी. गळीत हंगामात फड पेटवले की पाचटाची काळी राख वाऱ्यावर उडत येते. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ती बसते हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तीच राख आउटडोअरच्या पापुद्र्यांत बसते, दव पडलं की ओली होते, सुकली की पापडासारखी चिकटते. हंगाम संपतो मार्चच्या सुमाराला, आणि नेमकं तेव्हाच आपण एसीचं बटण दाबतो. वर्षभरातला सगळ्यात मळका आउटडोअर वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाला सामोरा जातो.

कॉईल मळली की उष्णता बाहेर पडायला गॅस आणखी तापावा लागतो, म्हणजे दाब आणखी वाढावा लागतो. आर-३२चा दाब चांगल्या परिस्थितीतही चारशे पौंडांच्या आसपास असतो. दुचाकीच्या चाकात आपण तीसेक पौंड हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. दाब वाढला की कॉम्प्रेसर जास्त वीज खातो, गारवा कमी देतो आणि शेवटी जीव वाचवण्यासाठी स्वतःच बंद पडतो. दुपारी तीनला एसी बंद पडतो आणि रात्री नीट चालतो, अशी तक्रार असेल तर पहिला संशय या काजळीवर घ्यावा.

दरवर्षी गॅस भरायला लागतो, हे खरं का?

नाही. हे मी ठणकावून सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. तुमच्या घरातला फ्रिज याच तत्त्वावर चालतो. त्यात दर उन्हाळ्यात कुणी गॅस भरतं का? पंधरा वर्षं तोच गॅस असतो. एसीत गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती जोडावर असते. तांब्याच्या नळीचं तोंड तुतारीसारखं फाकवून त्यावर पितळी नट आवळतात, त्याला फ्लेअरचा जोड म्हणतात. तोंड वाकडं फाकलं किंवा ढिल्या ब्रॅकेटवर डबा थरथरत राहिला की तो जोड झिरपायला लागतो.

गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. मग मेकॅनिक तसं का करतो? चोर असतो म्हणून? काही जण असतील. पण बहुतेकदा कारण वेगळंच असतं. गळती नीट काढायची तर उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन भरून दाब तपासायचा, जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, जोड नवा करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची आणि मग काट्यावर मोजून गॅस सोडायचा. नायट्रोजनचं सिलिंडर, पंप, काटा, गॅसचा डबा, पाने. हे सगळं घेऊन माणूस दीड फुटी छज्ज्यावर अर्धा दिवस बसणार कसा? तो पाच मिनिटांत पाईप जोडतो, थोडा गॅस सोडतो आणि जिवंत आत येतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

अवघड जागेचा पहिला परिणाम हा असा असतो. माणूस पडतो तेव्हा बातमी होते. तो पडत नाही तेव्हा काम अर्धवट होतं आणि त्याचे पैसे आपण दरवर्षी मोजतो. भरीला आर-३२ हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट भारी पडतो. शिवाय कॉईल मळलेली असताना गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जास्तीचा गॅस दाब आणखी वाढवतो.

घरात बसून दुरुस्ती का करता येत नाही?

कारण गॅसचा दाब मोजायची आणि गॅस सोडायची तोंडं आउटडोअरलाच असतात. कॉम्प्रेसर तिथे, पंखा तिथे, त्यांना सुरू व्हायला धक्का देणारा कपॅसिटरही तिथे. घरातल्या युनिटमध्ये पंखा, कॉईल, जाळ्या आणि थोडी इलेक्ट्रॉनिक्स एवढंच.

जुना खिडकीचा एसी आठवतो? घरघर करायचा, खिडकी अडवायचा, पण बिघडला तर दोघांनी धरून खोलीत ओढून घ्यायचा आणि जमिनीवर ठेवून उघडायचा. स्प्लिट एसीने आवाज बाहेर नेला आणि आवाजाबरोबर दुरुस्तीही बाहेर नेली. बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर शिडी लावली की काम भागायचं, म्हणून कुणाला ते जाणवलं नाही. आता ताराबाई पार्कात, नागाळा पार्कात बंगले जाऊन त्या जागी टॉवर उभे राहतायत. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली आणि आपल्यासारख्या शहरांतही उंच बांधायला वाव मिळाला. राष्ट्रीय बांधकाम संहिता १५ मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच इमारत म्हणते. आमची इमारत त्यात सहज बसते. शिडी मात्र तीच राहिली, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचणारी.

माझ्या हातातल्या दोरीचा हिशेब

आता तो हिशेब मांडते, ज्याने माझी झोप उडवली.

सातव्या मजल्यावरची आमची खिडकी जमिनीपासून साधारण २१ मीटर. तिथून पडणारा माणूस दोन सेकंदांत खाली पोहोचतो आणि आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास असतो. हातातून निसटलेल्या पान्याचाही वेग तेवढाच, म्हणून काम चालू असताना खाली कुणी उभं राहता कामा नये.

पण दोरी होती ना? बघू. समजा त्याचं वजन ६० किलो आणि दोरी ताणली जाण्याआधी तो दीड मीटर खाली गेला. दोरी फारशी ताणत नसेल आणि त्याला शेवटच्या दहा सेंटिमीटरमध्ये थांबवत असेल, तर तिच्यावर येणारा हिसका साडेनऊशे किलोच्या वजनाएवढा असतो. साठ किलोच्या माणसाचा साडेनऊशे किलोचा हिसका. मुद्दा वजनाचा नाही, किती अंतरात थांबवायचं याचा आहे. क्रिकेटचा वेगाने येणारा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, ते याचसाठी. हात ताठ ठेवले तर बोटं मोडतात.

माझ्या हाताने तो हिसका पेलला नसता. दोरी हातातून सरकली असती किंवा मीही खिडकीवर आपटले असते. दोरी माझ्याऐवजी खिडकीच्या ग्रिलला बांधली असती तर? ग्रिल चोराला अडवायला असतं. ते चार-सहा स्क्रूंनी चौकटीत किंवा गिलाव्यात बसवलेलं असतं. असा हिसका आला तर ग्रिल, स्क्रू आणि माणूस बरोबरच खाली जातील. आणि दोरी टिकली असती तरी ती त्याच्या कमरेला होती. तेवढा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसला तर माणूस आतून फाटतो.

म्हणून कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी चालत नाही. त्यासाठी मांड्या, छाती आणि खांदे सगळ्यांना धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा लागतो, त्याला हार्नेस म्हणतात. आपल्याकडे त्याचं भारतीय मानक आहे, आयएस ३५२१. हार्नेसच्या दोरीत एक घडी घालून शिवलेली पट्टी असते. माणूस पडला की तिची शिवण टाका-टाका उसवत जाते आणि हिसका लांबतो. म्हणजे चेंडू झेलताना हात मागे न्यावा तसं ती पट्टी करते. हिसका साधारण सहाशे किलोच्या वर जाऊ नये असं तिचं माप असतं. आणि ही दोरी ज्या कड्याला अडकवायची, त्या कड्याने त्याच्या निदान दुप्पट, म्हणजे बाराशे ते पंधराशे किलो पेलायला हवेत. त्याला अँकर म्हणतात. पाण्याच्या टाकीचा पाईप, डिशचा खांब, गच्चीच्या कठड्याची रेलिंग यांपैकी काहीही अँकर नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मलाही पूर्वी माहीत नव्हती. हार्नेसने झेललेला माणूस वाचला असं धरून चालत नाही. निश्चल लटकत राहिलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्याला लगेच वर किंवा खाली कसं घ्यायचं, हे काम सुरू करण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. अग्निशमन दलाला फोन करू, ही त्याची योजना होऊ शकत नाही.

मग बरोबर पद्धत कोणती?

उंचीवरच्या कामाचं खरं शिक्षण घेतलेले लोक दोन दोऱ्या वापरतात. एका दोरीवर वजन आणि काम, दुसरी नुसती राखणीला. दोन्ही गच्चीवरच्या वेगवेगळ्या अँकरना बांधलेल्या, आणि कठड्याच्या कडेवर दोरी घासू नये म्हणून तिथे गादी घातलेली. एक तुटली तरी दुसरी पकडते. जोडीला गच्चीवर एक आणि खाली एक असा माणूस असतो, अवजारं मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेली असतात, आणि वारा-पाऊस असेल तर काम होत नाही. काचेच्या मोठ्या इमारतींवर त्याऐवजी गच्चीवरून सोडलेला झुला असतो, रंगकाम करणाऱ्यांकडे तुम्ही तो पाहिला असेल. हायड्रॉलिक लिफ्टची गाडी हाही एक मार्ग आहे, पण तिला पाय पसरायला जागा लागते आणि आपल्या गल्ल्यांत ती वळतसुद्धा नाही.

हाँगकाँगमध्ये भिंतीला बोल्ट मारून, तिथूनच बाहेर काढलेली बांबूची छोटी परांची बांधतात आणि तिच्यावर बसून एसीची कामं करतात. कौशल्याचं काम आहे, तरी त्यात माणसं दगावली आहेत. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींनी दुसरा रस्ता धरला. तिथे आउटडोअर कुणीही बसवू शकत नाही, प्रशिक्षण घेतलेलाच माणूस लागतो, भिंतीवरचा ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचा लागतो, आणि नव्या घरांत आउटडोअरसाठी वेगळा ओटाच बांधून देतात. मला हा दुसरा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण तिथे माणसाच्या धाडसावर काही अवलंबून ठेवलेलं नाही.

"आम्ही कुठे त्याला बाहेर जा म्हणतो?"

आमच्या अपार्टमेंटच्या बैठकीत हे वाक्य तिघांनी तरी म्हटलं. त्याचा धंदा आहे, त्याला माहीत, कंपनी बघून घेईल.

कंपन्यांच्या वॉरंटीच्या बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की आउटडोअरपर्यंत पोहोचायची सुरक्षित सोय ग्राहकाने करायची. शिडी, परांची, जे लागेल ते. म्हणजे कंपनीने हात वर केलेले. मेकॅनिक बऱ्याचदा कंपनीचा नोकरच नसतो. फ्रँचायझीकडे किंवा दुकानाकडे दर कॉलमागे पैसे मिळवणारा पोरगा असतो. एप्रिलमध्ये दिवसाला सात-आठ कॉल असतात. एका घरी तो "इथे मी उतरणार नाही" म्हणाला तर दुसरा उतरतो, आणि पुढच्या वेळी फोन त्या दुसऱ्याला जातो. आपण तोंडाने बाहेर जा म्हणत नाही, पण खिडकी उघडून देतो.

इमारतीची बाहेरची भिंत तुमच्या एकट्याच्या मालकीची नसते, ती सामायिक असते. १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली असो की सहकारी गृहनिर्माण संस्था असो, त्या भिंतीवर काय टांगायचं आणि तिथे कुणी कसं काम करायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवता येतं. ते ठरवायलाही हवं. "इतकी वर्षं कुणी पडलं नाही" असंही एक काका म्हणाले. इतकी वर्षं इथे जुनी तीन मजली इमारत होती आणि एसी दोघांकडे होते.

सगळे आउटडोअर खाली किंवा गच्चीवर ठेवले तर?

कल्पना चांगली, पण तांब्याच्या नळीला मर्यादा आहे. दीड टनाच्या घरगुती एसीला साधारण १५ ते २० मीटर नळी आणि त्यातही उंचीचा फरक दहाएक मीटरपर्यंत चालतो. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, पुस्तिकेत दिलेला असतो. नळी लांबली की बैलाची धाव लांबली. गारवा कमी होतो, आणि कॉम्प्रेसरचं वंगणाचं तेल गॅसबरोबर फिरत असतं ते परत यायला अडखळतं. वरच्या दोन-तीन मजल्यांनी गच्चीवर न्यावा, जरूर न्यावा. मधल्यांना ते जमत नाही.

आणि खाली ठेवण्याबद्दल कोल्हापूरकरांना मी काय सांगावं? २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला कुठवर आलं होतं ते आपण पाहिलं आहे. पुराच्या पाण्यात बुडालेला आउटडोअर गाळाने भरतो आणि त्याची सर्किटं जातात.

ब्रॅकेट कुणी बघितला का?

दीड टनाचा आउटडोअर साधारण तीस किलोचा. तो लोखंडी अँगलच्या ब्रॅकेटवर टांगलेला असतो आणि चालताना अखंड थरथरतो. रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट एवढंच लावलेलं असेल, तर आपल्या पावसात वेल्डिंगच्या सांध्यापासून गंज सुरू होतो. वरून रंग चांगला दिसतो, आतून अँगल पोखरलेला असतो. कित्येकदा मेकॅनिक एक पाय त्याच ब्रॅकेटवर देतो.

आपल्या गावाला याचा उपाय परका नाही. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ब्रॅकेट बनवून घेताना तो हॉट डिप गॅल्वनाइझ करून मागा. त्यात आख्खा ब्रॅकेट साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात, त्यामुळे भोकांच्या आतल्या कडाही झाकल्या जातात. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या. आणि बोल्ट काँक्रीटच्या बीममध्ये जातोय का बघा, पोकळ किंवा हलक्या विटेत नाही.

नवा फ्लॅट बघताना

"एसीची जागा दिलीय" असं सांगतात तेव्हा त्या जागेपर्यंत स्वतः चालत जाऊन बघा. खिडकीतून दिसणारा ओटा ही जागा नव्हे. तिथे दारातून जाता आलं पाहिजे, कमरेच्या वर कठडा हवा, आणि डब्यासमोर उकिडवं बसून पाना फिरवता येईल एवढी मोकळी जमीन हवी. इमारतीचं तोंड देखणं दिसावं म्हणून आउटडोअरसमोर बसवलेल्या आडव्या पट्ट्याही बघा. त्या फार दाट असल्या तर गरम हवा त्यांना आपटून परत आत येते आणि डबा स्वतःचाच उच्छ्वास ओढत बसतो. पाण्याच्या पाईपांच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक डबे टांगले असतील तर खालच्या प्रत्येक मजल्याची धग वरच्याला मिळते. त्यात उतरणाऱ्या माणसाला तर धरायला सांडपाण्याचा पाईप एवढाच आधार.

हे सगळं नकाशा काढताना एका रेघेचं काम असतं. इमारत उभी राहिल्यावर तेच काम दरवर्षी कुणाच्यातरी पायाच्या बोटांवर येतं. वास्तुविशारद आणि बिल्डर मंडळींनी निदान एकदा स्वतः त्या जागेवर उभं राहून दाखवावं, एवढी माझी त्यांच्याकडे मागणी आहे.

सर्व्हिस कमी वेळा लागेल असं काही?

हो, आणि ते आपल्याच हातात आहे. घरातल्या युनिटच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही. एसी २४ किंवा वर ठेवा आणि छताचा पंखा चालू करा. जानेवारी २०२०पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, ते उगाच नाही. बाहेरची कॉईल वर्षातून एकदा, गळीत हंगाम संपल्यावर धुतली की घरगुती वापराला पुरते. गारवा पुरेसा असेल तर "गॅस चेक करतो" म्हणून कुणाला बाहेर पाठवू नका. नुसता दाब बघायला पाईप लावला की प्रत्येक वेळी थोडा गॅस उडतो.

आमच्याकडे काय झालं

तीन बैठका आणि पुष्कळ वादावादीनंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून आम्ही गच्चीवरच्या काँक्रीटमध्ये अँकर बसवून घेतले आणि ते भार लावून तपासले. ज्यांचे आउटडोअर भिंतीवर आहेत त्यांचं काम आता एकाच दिवशी, दोरीवरच्या कामाचं शिक्षण घेतलेल्या लोकांकडून होतं. खर्च वाटून घेतो. एकट्याने बोलावलं तर तो परवडत नाही.

आमचा आउटडोअर मी ड्राय बाल्कनीत आणवला. नळी तीन मीटरने वाढली, मीटरमागे वीसेक ग्रॅम या हिशेबाने गॅस वाढवावा लागला, आणि कपडे वाळत घालायचा स्टँड गच्चीवर गेला. घरात त्यावरून कुरकुर झाली, अजूनही होते.

या मार्चला तोच पोरगा आला. खिडकीकडे वळला, तर मी त्याला बाल्कनीचं दार उघडून दिलं. त्याने लादीवर मांडी घातली, डब्याचं झाकण काढलं, पापुद्र्यांवर पाणी मारलं. काळंभोर पाणी धो-धो नहाणीच्या जाळीकडे वाहायला लागलं, उसाच्या राखेचं. ते स्वच्छ येईपर्यंत तो बराच वेळ मारत राहिला. मग एका जोडाला बोटाने साबणाचा फेस लावला, वाकून बघितलं आणि मला हाक मारली.

"काकू, हे बघा. बुडबुडा येतोय. तीन वर्षं इथूनच जात होता गॅस."